अळीआधी झाड
वाचकांचे प्रश्न : पतंग आणि अळ्या

पाऊस स्थिरावला आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अळ्या सुरू झाल्या. फोटोही भरपूर आलेत. प्रत्येकाला वेगळं लिहिणं जमणार नाही, म्हणून एक विनंती इथेच करते. बहुतेक फोटोंत अळी तळहातावर, वर्तमानपत्रावर नाहीतर फरशीवर आहे. ती ज्या झाडावर होती त्याचं एक पानसुद्धा दिसत नाही. देवरुखला माझ्या घरी पतंगांची जी वही आहे, तिच्यात तारखेनंतरचा रकाना झाडाचा आहे आणि अळीच्या नावाचा सगळ्यात शेवटी. कितीतरी अळ्या एकाच झाडावर किंवा एका कुळातल्या मोजक्या झाडांवरच वाढतात. झाड कळलं की शेकडो शक्यतांतून चार-पाच उरतात. ही अळी तुमच्या पिकाला त्रास देणार की नाही, याचंही निम्मं उत्तर तिथेच मिळतं. झाडाचं नाव येत नसेल तर पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा आणि देठ मोडल्यावर चीक येतो का, तेवढं लिहा. माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर नमुना तपासायला घ्यायचा नाही, ही तिथली शिस्त. अळीलाही मी तीच लावते.

प्रश्न : गच्चीवर कुंडीत तगर आहे. आठवड्याभरात तिची पानं निम्मी झाली. शोधल्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडली, डोक्यामागे दोन निळे डोळे. मारावंसं वाटलं नाही. पण काल ती तपकिरी पडली, झाडावरून उतरली आणि गच्चीभर फिरते आहे. आजारी आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आजारी नाही, तिचं खाणं संपलंय. तगर असं लिहिलंत, तिथेच माझं अर्धं काम झालं. ही ओलिअँडर हॉकमॉथ या पतंगाची अळी. कण्हेर, तगर, सदाफुली ही एकाच कुळातली झाडं, आणि ती तिची आवडती. कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत, माणसालाही ती विषारी. या अळीला ती पचते. तुम्हाला दिसले ते डोळे नव्हेत, पाठीवरचे ठिपके आहेत. खरं डोकं त्यांच्या पुढे, लहानसं असतं. धक्का लागला की अळी डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगवते आणि ठिपके एकदम मोठे होतात. चोच मारायला आलेला पक्षी तेवढ्यानं दचकला तरी तिचा जीव वाचतो.

पुरती वाढ झाली की तिचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी होते आणि जमिनीवर उतरते. ही जात फांदीला कोश बांधत नाही. पालापाचोळ्यात शिरून थोडे धागे विणते आणि आत कोशात जाते. गच्चीवर पाचोळा नाही, म्हणून ती वणवण फिरते आहे. आजच एक पसरट डबा घ्या. तळाला वर्तमानपत्र, त्यावर चार बोटं वाळकी पानं, तोंडाला मलमलीचं कापड आणि रबर. सावलीत ठेवा. कोश झाल्यावर पहिले दोन दिवस हात लावू नका, तो फार मऊ असतो. पुढे साधारण दोन आठवड्यांत पतंग बाहेर येतो.

डब्यात एक खडबडीत काटकी तिरकी टेकवून ठेवायला विसरू नका. या काटकीबद्दल मी जरा आग्रहानं सांगते. पतंग बाहेर येतो तेव्हा त्याचे पंख चुरगळलेले आणि ओले असतात. त्याला कुठेतरी वर चढून पंख खाली लोंबू द्यावे लागतात. मग शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत चढतो आणि ते उलगडतात. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय टिकत नाहीत. तो पडत राहतो आणि पंख वाकडे वाळतात. एकदा वाळलेले पंख पुन्हा सरळ होत नाहीत. तळाला तांबूस थेंब दिसले तर घाबरू नका. ते रक्त नाही, कोशात साठलेली घाण आहे. पंख नीट वाळले की संध्याकाळी कापड काढा. हिरव्याच्या किती छटा एका पंखावर मावतात आणि मधेच तो गुलाबी कसा येतो, हे बघायला घरातल्या सगळ्यांना बोलवा.

पुढच्या वेळी अगदी लहान अळीपासून पाळणार असाल तर उघड्या वाटीत पाणी ठेवू नका, अळ्या बुडतात. फांदीचा देठ छोट्या बाटलीत घाला आणि बाटलीचं तोंड कापसानं गच्च बंद करा. लेंड्या रोज काढा, नाहीतर बुरशी धरते. लेंड्यांचा कंटाळा करू नका, कारण अळी शोधायची खरी खूण तीच. हॉकमॉथच्या लेंड्या ठसठशीत असतात आणि त्यांवर उभ्या खाचा असतात. झाडाखाली फरशीवर अशा लेंड्या दिसल्या की बरोबर त्यांच्या वर बघायचं. पानांत नजर फिरवून मला जेवढ्या अळ्या दिसल्या, त्याहून जास्त अशा खाली बघून सापडल्या आहेत. आणि कोबीचं पान देऊन बघू नका. अळी उपाशी मरेल, पण नको ते झाड खाणार नाही.

हॉकमॉथची ही पानं आणि झाडं आपल्याला माहीत आहेत, त्यात टी. आर. बेल या वनाधिकाऱ्याचा मोठा वाटा आहे. कारवार मुंबई इलाख्यात होतं तेव्हाची गोष्ट. तिथल्या जंगलात राहून त्यांनी अळ्या पाळल्या, कोणती काय खाते, कोश कुठे करते हे लिहून ठेवलं. स्कॉट यांच्यासोबतचा त्यांचा हॉकमॉथवरचा ग्रंथ १९३७ साली निघाला. पुढे ते कारवारलाच राहिले आणि १९४८ मध्ये तिथेच वारले. तुमची गच्चीवरची टिपणं त्याच जातीची आहेत. तारीख घालून ठेवा.

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या भिंतीवर राखाडी, चपट्या, भोपळ्याच्या बीएवढ्या पिशव्या चिकटलेल्या असतात. काल एक सरकताना पाहिली! वाळवी म्हणायची का?
– गृहिणी, ठाणे

उत्तर : वाळवी नाही. त्या पिशवीत एका अगदी छोट्या पतंगाची अळी आहे. पिशवी रेशमाची, तिच्यावर अळी धूळ आणि वाळूचे कण चिकटवते, म्हणून ती भिंतीच्या रंगाची दिसते. दोन्ही टोकं उघडी असतात आणि अळी आतल्या आत वळून हव्या त्या बाजूनं डोकं काढते. हिच्यासाठी झाड शोधू नका. कोळिष्टकं, गळालेले केस, लोकरीचे तुकडे, मेलेले किडे यांवर ती जगते. चावत नाही, लाकडाला लागत नाही. कपाटामागची कोळिष्टकं काढलीत की आपोआप कमी होतील. फवारा मारू नका. एक पिशवी काचेच्या पेल्याखाली ठेवून भिंगातून बघा. मुलांना घरबसल्या दाखवायला यापेक्षा सोपा पतंग मला माहीत नाही.

प्रश्न : बांधावरचं गवत कापताना घोणस अळी हाताला लागली. दोन-तीन तास हाताची आग होत होती, मग उतरली. २०२२ साली मोबाइलवर सगळीकडे फिरत होतं, की ही अळी चावली की माणूस पाच मिनिटांत जातो. मला काही झालं नाही, पण घरातल्या बायका आता गवताला जायला तयार नाहीत. खरं काय ते सविस्तर लिहा.
– एक शेतकरी, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : दादा, खरं काय ते तुमच्या हातानंच सांगितलंय. त्या वर्षी आलेले ते निरोप खोटे होते आणि कृषी खात्यानं, विद्यापीठांनी तेव्हाच तसा खुलासा केला होता. भीती मात्र मागे राहिली, आणि तिचा भार गवत कापणाऱ्या बायकांवर पडला, याचं मला वाईट वाटतं. तुमचं पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

ही अळी चावत नाही. तिच्या अंगावर पोकळ काटे असतात आणि त्यांत विष असतं. त्वचेवर दाब पडला की काटा मोडतो आणि आग सुरू होते. गांधीलमाशीच्या डंखाइतकी वेदना धरा. पहिला उपाय चिकटपट्टीचा : जिथे लागली तिथे पट्टी दाबून लावा आणि ओढून काढा, दोन-तीनदा, म्हणजे मोडलेले काटे निघून येतात. चोळू नका, चोळल्यानं काटे आत जातात. मग साबणानं धुवा, बर्फ लावा, खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावा. बहुतेकांना एवढं पुरतं. पण तोंड सुजलं, श्वास लागला, चक्कर आली, किंवा काटा डोळ्यात गेला, तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना. अशी माणसं थोडी असतात. मधमाशी चावल्यावर ज्यांना फार सूज येते, त्यांनी विशेष जपायचं.

आता तिचं झाड. ती एकाच झाडाची नाही. गवत, मका, ऊस, एरंड, आंबा, नारळ अशा कितीतरी झाडांवर या कुळातल्या अळ्या मिळतात. म्हणून बांधावरच्या गवतात ती दरवर्षी थोडीफार असणारच. पाय दिसत नाहीत, पानावरून घसरत गेल्यासारखी चालते, ही ओळख. बायकांना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड हातमोजे द्या, पेंढी उचलण्याआधी काठीनं झटकायला सांगा. फार झाल्या असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. आख्ख्या शिवारावर जहाल औषध मारू नका. या अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या लहान गांधीलमाश्या असतात, त्या आधी मरतात. फांदीवर शेंगदाण्याहून लहान, टणक, गोल कवच सापडलं आणि त्याला वर्तुळाकार झाकण उघडलेलं दिसलं तर तो हिचा कोश. पतंग तेच झाकण ढकलून निघून गेलेला असतो.

प्रश्न : सदाफुलीच्या ताटव्यावर दुपारी हमिंगबर्ड आला होता! व्हिडिओ पाठवत आहे.
– महाविद्यालयीन विद्यार्थी, सावंतवाडी

उत्तर : भारतात हमिंगबर्ड नाही. तुम्ही टिपलाय तो दिवसा उडणारा हॉकमॉथ, आणि व्हिडिओ फार छान आला आहे. फुलावर न बसता हवेत थांबून लांब सोंड आत घालतो, म्हणून फसगत होते. तुमच्या व्हिडिओत पंख काचेसारखे पारदर्शक दिसताहेत. कोशातून निघतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात. पहिल्या उड्डाणातच ते झडून जातात. आसपास अनंताचं झाड आहे का बघा. त्याची अळी अनंतावर वाढते.

प्रश्न : दारातल्या शेवग्याच्या बुंध्यावर सुरवंटांचा थर बसलाय. शेजारी म्हणतात टेंभा लावून जाळा, नाहीतर झाडच तोडा. लहान नातू आहे, त्याला खाज सुटली. काय करू?
– आजी, कराड

उत्तर : आजी, झाड तोडू नका. शेवग्याचे हे सुरवंट दरवर्षी पावसात येतात आणि जातात. दिवसा बुंध्यावर एकत्र चिकटून बसतात, रात्री वर चढून पानं खातात. झाड ओकंबोकं झालं तरी मरत नाही, पुन्हा पालवी फुटते. जाळलंत तर साल भाजते. शेवग्याची साल मऊ आणि पाणीदार, तिला ते सोसत नाही. शिवाय जळणाऱ्या सुरवंटांचे केस वाऱ्यावर उडतात आणि खाज आणखी पसरते.

दारात लहान मूल आहे म्हणजे काढायला हवेतच, ते मला पटतं. ते दिवसा एका जागी बसतात हीच आपली सोय. बादलीत साबणाचं पाणी घ्या, लांब दांड्याच्या झाडूनं सगळा थर त्यात पाडा. अंगभर कपडे, तोंडाला ओढणी, आणि वारा नसताना. गळून पडलेल्या काती कोरड्या झाडू नका. आधी पाणी मारा, मग गोळा करून पुरा. कातीवरच्या केसांनीही तितकीच खाज येते. नातवाच्या अंगाला चिकटपट्टी लावून केस काढा आणि कपडे वेगळे धुवा. सुरवंट कोश करायला मातीत उतरतात, तेव्हा पाऊस उघडल्यावर बुंध्याभोवतीची माती वीतभर उकरून उलटी करा. कोंबड्या असतील तर त्यांना सोडा.

घरापासून लांबच्या, बांधावरच्या शेवग्यावर मात्र त्यांना राहू द्या, अशी माझी विनंती. केसाळ सुरवंट बहुतेक पक्षी टाळतात. पावशा आणि चातक मात्र ते आवडीनं खातात. कोकीळकुळातल्या पक्ष्यांच्या पोटात केस अडकले तर ते आतलं अस्तर केसांसकट गुठळी करून ओकून टाकतात. चातक पावसाबरोबर येतो हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. तो येतो तेव्हा झाडांवर त्याचं जेवणही तयार असतं. शेवग्यावर सुरवंट दिसल्यावर आठवडाभर पहाटे कान देऊन ऐका.

प्रश्न : संत्र्याच्या अंबिया बहाराला रस शोषणाऱ्या पतंगाचा त्रास आहे. फळाला बारीक भोक पडतं, भोवती सडतं आणि फळ गळतं. सल्ला मिळाला, की गुळवेल आणि वासनवेल उपटून टाका. गुळवेल औषधी, आई ती तोडू देत नाही. पतंगाचा आणि वेलाचा संबंध काय?
– संत्रा बागायतदार, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : संबंध सरळ आहे. संत्र्यावर येतो तो मोठा झालेला पतंग. त्याची अळी संत्र्याला कधी लागतच नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलावर. म्हणून बागेत कितीही शोधलंत तरी अळी मिळत नाही, आणि फळावर मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. हे ज्यांनी शोधलं त्यांनी बागेबाहेर, कुंपणावरच्या वेलींवर बघितलं म्हणून शोधलं.

अळी गडद, मखमली, बाजूला डोळ्यासारखे ठिपके. चाहूल लागली की डोकं पोटाखाली वळवते, शेपटी वर उचलते आणि तशीच स्तब्ध राहते. पतंगाचे पुढचे पंख वाळलेल्या पानाचे, मागचे झळझळीत नारिंगी. इतर पतंगांची सोंड मऊ असते, ती फुलातलाच रस पिऊ शकते. याच्या सोंडेचं टोक टणक आणि काटेरी असतं, ते सालीतून आरपार जातं. तो स्वतः पितो तो रस थोडाच. नुकसान होतं ते भोकातून शिरणाऱ्या बुरशीमुळे आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या, साध्या सोंडेच्या पतंगांमुळे.

तर उपाय. बागेच्या आत आणि कुंपणावर असलेले वेल काढा, त्यात सूट नको. गळालेली फळं रोज उचला आणि खड्ड्यात पुरा; सडक्या फळांचा वास पतंगांना लांबून ओढून आणतो. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत फिरा. नारिंगी डोळे चमकतात, पतंग फळावर बसलेला असतो, हातजाळीनं पकडता येतो. संध्याकाळी धूर करणं आणि गूळ घातलेलं विषारी आमिष टांगणं हेही करतात. आमिष गुराढोरांच्या आणि मधमाश्यांच्या वाटेत येणार नाही एवढं बघा. थोडी झाडं असतील तर फळांना कागदी पिशव्या घालणं सगळ्यात खात्रीचं.

आईंची गुळवेल घराच्या अंगणात, बागेपासून दूर असेल तर ती राहू द्या. तिच्या पानांखाली आठवड्यातून एकदा बघा आणि अळ्या हातानं काढा. आणि ओढ्याकाठच्या, जंगलातल्या वेली तोडायला कुणी निघालं तर त्यांना थांबवा. हे पतंग लांबून उडत येतात, रानातली प्रत्येक गुळवेल आपण तोडू शकत नाही, आणि तोडावी असं मला मुळीच वाटत नाही.

प्रश्न : तिळावर शिंग असलेली मोठी अळी मिळाली, तिच्या पाठीवर पांढऱ्या अंड्यांचा घोस आहे. अंडी फुटायच्या आत जाळू का?
– शेतकरी, बार्शी

उत्तर : जाळू नका! ती अंडी नाहीत, आणि त्या अळीची तर नाहीतच. इवल्या गांधीलमाश्यांचे ते कोश आहेत. माशीनं अळीच्या अंगात अंडी घातली, तिची पिल्लं आतून अळी खात वाढली आणि आता बाहेर येऊन पाठीवर कोशात बसली आहेत. अळी जवळपास संपलेली आहे. त्यातून निघालेल्या माश्या तुमच्याच शेतातल्या इतर अळ्या शोधतील. ट्रायकोकार्ड तुम्ही विकत आणून पानांना लावत असाल, त्यातही अशाच इवल्या माश्या असतात, फक्त त्या अळीत नाही, पतंगांच्या अंड्यांत अंडी घालतात. इथे ती मदत फुकट आली आहे. ते पान आहे तसं ठेवा.

तिळावरची अशी निरोगी अळी मिळाली तर तिचा पतंगही बघण्यासारखा. पाठीवर कवटीसारखी खूण असते, हातात धरला तर चिर्र आवाज करतो आणि रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. कवटी बघून लोक अपशकुन म्हणतात आणि ठेचतात. त्याचा माणसाला कसलाही धोका नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र गावाबाहेर पांढरा पडदा लावून पतंग बघायचं ठरवलंय. एलईडी दिवा लावला, पण फारसे आले नाहीत. काय चुकलं? आणि पतंग दिव्याकडे का येतात?
– राधानगरी

उत्तर : दिवा चुकला. साध्या एलईडीत अतिनील प्रकाश जवळपास नसतो, आणि पतंगांना तोच जास्त दिसतो. मर्क्युरीचा दिवा किंवा यूव्ही ट्यूब घ्या आणि तिच्याकडे टक लावून बघू नका. अमावास्येच्या आगेमागे, वारा नसलेल्या, दमट रात्री सगळ्यात चांगल्या. पावसाची भुरभुर चालते. जागा निवडताना पडद्यासमोर कोणती झाडं आहेत ते आधी दिवसा पाहून घ्या. मोईचं झाड जवळ असेल तर फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मूनमॉथ येण्याची आशा धरा, कारण त्याची अळी मोईवर वाढते. त्या शेपट्या नुसत्या शोभेच्या नाहीत. त्याच्या अमेरिकेतल्या भावंडावर केलेले प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले. उडताना गरगरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघळाचा नेम चुकतो आणि शेपट्या कापलेले पतंग कितीतरी जास्त पकडले जातात, असं त्यात दिसलं.

दिव्याकडे येण्याचं कोडं फार जुनं आहे. चंद्र समजून येतात, उष्णतेला येतात, असं म्हणत असत. २०२४ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मला पटतो. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. मोकळ्या रात्री वर आकाश उजळ आणि खाली जमीन काळी, म्हणून पाठ वर राहते आणि तो सरळ उडतो. बाजूला दिवा आला की पाठ त्याच्याकडे कलते, वाट वाकते आणि तो दिव्याभोवतीच अडकतो. म्हणजे तो हौसेनं आलेला नसतो, सापडलेला असतो. म्हणून माझा नियम कडक आहे : मध्यरात्रीनंतर दिवा बंद, आणि उजाडायच्या आत पडदा हळू झटकून पतंग झुडपात. नाहीतर सकाळी दयाळ आणि कोतवाल पडद्यावरच न्याहारी करतात.

जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा २०१२ पासून राष्ट्रीय पतंग सप्ताह म्हणून पाळला जातो. अमेरिकेत सुरू झाला, आता आपल्याकडेही ठिकठिकाणी पडदे लागतात. यंदाचा गेला, पुढच्या वर्षी नोंदी त्यात द्या. फोटो दोन घ्या, वरून आणि बाजूनं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाण आणि वेळ न चुकता भरा. नाव लगेच कळलं नाही तरी चालेल. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत.

प्रश्न : माझे बाबा जंगलात कोसा पाळतात. ते म्हणतात, कोशातून निघालेला पतंग काहीच खात नाही. मग तो जगतो कसा?
– विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : बाबा बरोबर सांगतात. कोसा, म्हणजे टसर रेशीम, देणाऱ्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना ऐनाची आणि अर्जुनाची पानं खाऊन त्यानं अंगात जी चरबी साठवली, तीच त्याची शिदोरी. ती पुरते थोडे दिवस. तेवढ्यात नर-मादी भेटायचे आणि मादीनं अंडी घालायची. जगातल्या सगळ्यात मोठ्या पतंगांतला ॲटलस पतंगही असाच उपाशी जगतो.

म्हणून बाबा अळ्यांच्या झाडाची इतकी काळजी घेतात. तुतीच्या रेशमाच्या अळ्या घरात पाळतात, तुमच्याकडच्या अळ्या उघड्या रानात, खऱ्या झाडावर. पक्षी, मुंग्या, पाऊस सगळ्यांपासून त्यांना राखावं लागतं. भंडारा-गडचिरोलीकडच्या ढिवर समाजाला हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, आणि त्यातलं बरंच कुठेच लिहिलेलं नाही. तू लिही. बाबांना विचार, की ऐनावरच्या आणि अर्जुनावरच्या अळ्यांच्या वाढीत त्यांना फरक दिसतो का, पाऊस लांबला तर ते काय करतात, कोश पिकला हे कशावरून ओळखतात. कोश फांदीला ज्या देठानं बांधलेला असतो तो नीट बघ. अळीनं तो रेशमानंच केलेला असतो आणि फांदीभोवती त्याचं कडं असतं. पतंग निघाला तर त्याच्या मिशा बघ. नराच्या पिसांसारख्या रुंद असतात, कारण मादीचा वास त्याला बऱ्याच लांबून पकडायचा असतो, मादीच्या बारीक. कोश कोणत्या झाडावर होता, कधी बांधला आणि पतंग कधी निघाला, या गोष्टी वहीत मांडून मला पाठव. बाबा जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही, तुमच्याकडची नावं बदलू नकोस.